तळव्याची कमान: व्यायाम करायचा की बुटात गादी घालायची?

सपाट तळव्यांवर आलेल्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून आला आहे: कमान परत येईल का? म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो. व्यायामाने हाडांची ठेवण बदलत नाही, कमान पेलणारे स्नायू बळकट होतात. बुटातल्या गादीने कमान तयार होत नाही, बूट पायात असेपर्यंत तिला टेकू मिळतो. कोणाला काय लागेल हे तळवा किती सपाट आहे यावरून ठरत नाही. तो दुखतो का, आणि हलवला की वाकतो की लाकडासारखा ताठ राहतो, यावरून ठरतं.

मुलगा पाच वर्षांचा आहे. आंघोळ करून आला की शहाबादी फरशीवर अख्खं पाऊल उमटतं, मधला भाग कोरा राहतच नाही. दुकानदार आतून उंचवटा असलेले बूट घ्या म्हणतो. आजेसासूबाई म्हणतात, अनवाणी खेळू दे. कोणाचं ऐकू? (एक आई, अमळनेर)

आजेसासूबाईंचं. या वयात तळव्याखाली चरबीची जाड गादी असते आणि सांधे सैल असतात. तळवा सपाट दिसणं हेच तेव्हा नेहमीचं. कमान हळूहळू घडत आठ-दहा वर्षांपर्यंत जाते, काहींची त्यानंतरही फारशी दिसत नाही आणि ती माणसं आयुष्यभर बिनतक्रार चालतात.

घरीच दोन गोष्टी पाहा. त्याला पाठमोरा उभा करून चवड्यांवर उभं राहायला सांगा. टाचा उचलल्या की कमान उमटते का? टाचा किंचित आत वळतात का? मग तो सरळ उभा असताना पायाचा अंगठा हाताने वर उचला. अंगठा वर गेला की तळव्याखालचा चिवट पट्टा ताणला जातो आणि कमान आपोआप वर येते. दोन्ही वेळा कमान दिसली तर तळवा लवचीक आहे. दुखत नसेल, मूल पळत-खेळत असेल, तर बूट नको, गादी नको, व्यायामाची सक्तीही नको.

महागड्या बुटांचं म्हणाल तर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लवचीक सपाट तळव्यांच्या मुलांना गटागटांत वाटून काहींना खास बूट, काहींना बुटात घालायचे साचे दिले आणि किमान तीन वर्षं पाहिलं. काहीच न दिलेल्या मुलांचीही कमान तेवढीच सुधारली होती. आपल्याकडच्या २३०० मुलांची पाहणी १९९२ मध्ये छापून आली. तीत पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सगळ्यांत जास्त. म्हणून शाळेतून आल्यावर बूट काढून अंगणात, मातीत, नदीच्या वाळूत खेळू द्या. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र नाही, आपल्याकडची फरशी तेव्हा तव्यासारखी असते.

मूल पाय दुखतो म्हणून खेळ अर्ध्यावर सोडतं, एकच तळवा सपाट आहे, किंवा चवड्यावर उभं राहूनही कमान येत नाही, असं काही दिसलं तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

मी भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारतो. तळवे सपाट आहेत आणि महिनाभरापासून नडगीची आतली कड दुखते. तीन महिन्यांत कमान येईल असा व्यायाम सांगा. भरतीत अडवतील का? (एक विद्यार्थी, चोपडा)

भरतीचं आधी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या जाहिरातीत तळवे सपाट नसावेत असं स्पष्ट छापलेलं असतं. सैन्याच्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत थोडी सवड आहे: चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान उमटत असेल, उमेदवाराला चवड्यांवर नीट पळता-उड्या मारता येत असतील आणि पाय लवचीक व वेदनारहित असेल तर चालतं. ज्या भरतीला बसणार तिची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, अकादमीतल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नका. तपासणी अनवाणी होते, बुटातल्या गादीचा तिथे काही उपयोग नाही. तीन महिन्यांत ठसा बदलून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तीन महिन्यांत बदलते ती पायाची ताकद, आणि धावायला तीच लागते.

आता नडगी. हाडाच्या आतल्या कडेने चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला सुरुवात करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी, तर तो ओढीचा त्रास आहे. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसतही नाही. तेव्हा धावणं पूर्ण बंद, आणि डॉक्टरांकडे जा.

ओढीचाच त्रास असेल तर आठवड्याचं अंतर निम्म्यावर आणा, कडक डांबरी रस्ता सोडून मातीच्या ट्रॅकवर पळा, आणि दुखणं गेल्यावर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनीच वाढवा. रस्त्याच्या एकाच कडेने धावलं तर उतारामुळे एक पाय सतत आत कलतो, हेही पाहा.

व्यायाम चार. आठवड्यातून पाच दिवस, वीस मिनिटं.

पहिला तळवा आखडायचा. इंग्रजीत याला शॉर्ट फूट म्हणतात. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, अनवाणी पाय फरशीवर. भार तीन जागी हवा: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. आता बोटं न वाकवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा. पाऊल काही मिलिमीटर आखूड होतं आणि मधला भाग फरशीवरून सुटतो, एवढीच ती हालचाल. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दोन फेऱ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: बोटं फरशीत रुततात, नखं पांढरी पडतात, म्हणजे काम तळव्याऐवजी पोटरीतून येणारे लांब स्नायू करताहेत. दुसरी चूक म्हणजे पाऊल बाहेर कलंडवणं. कमान उंच झाल्यासारखी दिसते, पण अंगठ्याचं मूळ उचललेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. वहीच्या कागदाचा कपटा अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा आणि कोणाला तरी ओढायला सांगा. सहज निघाला तर पाऊल कलंडलंय. पहिल्या आठवड्यात तळव्यात गोळा येईल, घाबरू नका, सोडून परत करा. दोन आठवड्यांनी हेच उभं राहून, चार आठवड्यांनी एका पायावर.

दुसरा टाच उचलण्याचा. मोज्यांची गुंडाळी दोन टाचांमध्ये धरून उभे राहा, बोटांनी भिंतीला नुसता स्पर्श. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, चार सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या. मोजे पडता कामा नयेत. ते धरून ठेवायला टाचा आत ओढाव्या लागतात, आणि ते काम कमान पेलणाऱ्या मुख्य स्नायूचं आहे. चढताना भार करंगळीकडे गेला तर मुरगळायची भीती, तो अंगठा आणि शेजारच्या बोटावर ठेवा. महिन्याने एका पायावर. न थांबता वीस-पंचवीस झाले की पाय धावण्यालायक झाला समजा.

तिसरा ट्यूबचा. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचा फास चवड्याला अडकवा, दुसरं टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधा. टाच जागेवर ठेवून चवडा हळूहळू आत आणि किंचित खाली ओढा, त्याहून हळू परत सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत-बाहेर होत असेल तर मांडी काम करतेय, गुडघ्यावर हात ठेवून तो स्थिर धरा.

चौथा पोटरीचा ताण, आणि हाही बऱ्याचदा चुकतो. पोटरी आखडलेली असेल तर टाच जमिनीवर ठेवायला पाऊल मधे मोडतं आणि कमान दबते. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच खाली, पाऊल अगदी सरळ पुढे. तीस सेकंद, तीन वेळा. मग मागचा गुडघा थोडा वाकवून तेवढंच. पाऊल बाहेर वळलेलं असेल तर ताण पोटरीत न बसता पावलाच्या मध्यावर येतो, म्हणजे कमान वाचवायला निघून आपणच तिच्यावर भार टाकतो. घडी केलेला नॅपकिन कमानीखाली सरकवला की पाऊल मोडत नाही.

बोटांनी टॉवेल गोळा करण्याचा व्यायाम मोबाइलवर सगळीकडे दिसतो. केला तर तोटा नाही, पण त्यात काम मुख्यतः बोटं वाकवणाऱ्या लांब स्नायूंचं. वेळ थोडा असेल तर तो वगळा. सहा-आठ आठवड्यांत जोर जाणवू लागतो, बारा आठवड्यांआधी निकाल काढू नका.

आठवीतली मुलगी, एकच पाय सपाट, वर्षात तीनदा मुरगळला. व्यायाम करायला गेली की जास्त दुखतो. (शहादा)

व्यायाम थांबवा. या वयात ताठ, दुखरा, वारंवार मुरगळणारा तळवा असेल तर पावलाची दोन हाडं जन्मतः जोडलेली असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. लहानपणी तो जोड कूर्चेचा, मऊ असतो. साधारण आठ ते सोळा वर्षांच्या दरम्यान तो टणक होतो आणि दुखणं तेव्हा सुरू होतं. तिरका एक्स-रे काढतात, कधी सीटी स्कॅन. ताणाच्या व्यायामांनी हे बरं होत नाही, उलट चिघळतं.

आई ५२ वर्षांची, शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करते, सकाळभर सिमेंटच्या जमिनीवर उभी. विचारलं तर "पाय दुखतस" एवढंच म्हणते. डाव्या घोट्याची आतली बाजू सुजली आहे आणि तो तळवा वर्षभरात सपाट झालाय. आधी असा नव्हता. चैत्रात वणीला पायी जायचा तिचा नेम आहे. (पारोळा)

"आधी असा नव्हता" हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. मोठेपणी एकाच पायाची कमान खचत जाते तेव्हा घोट्याच्या आतल्या हाडामागून जाणारी, कमान वर ओढून धरणारी दोरी म्हणजे टिबियालिस पोस्टेरियर ही स्नायूरज्जू झिजत असते. चाळिशीनंतरच्या बायकांत हे जास्त. वजन, मधुमेह आणि रक्तदाब त्याला हातभार लावतात.

आईला पाठमोरी उभी करा आणि मागून पाहा. चांगल्या पायाची बाहेरून करंगळी, फार तर शेजारचं बोट दिसेल. दुखऱ्या पायाची तीन-चार बोटं डोकावत असतील तर पाऊल बाहेर वळलंय. मग भिंतीला धरून फक्त डाव्या पायाची टाच उचलायला सांगा. उचलताच येत नसेल, किंवा उचलली तरी टाच आत वळत नसेल, तर ही दोरी आपलं काम करत नाहीये.

इथे व्यायाम आणि गादी दोन्ही लागतात, पण क्रम महत्त्वाचा. सूज आहे तोवर आराम, आणि घोट्याला धरून ठेवणारा पट्टा किंवा घोटा जखडून चालता येईल असा उंच वैद्यकीय बूट. किती आठवडे, ते तपासून डॉक्टर ठरवतील. नंतर बुटात टणक गादी, टाचेखाली आतल्या बाजूला पाचरीसारखा उंचवटा असलेली. मऊ सिलिकॉन इथे पुरत नाही. व्यायामात वरचा ट्यूबचा प्रकार हलक्या ताणाने सुरू करावा, हळू सोडण्यावर भर. टाच उचलणं आधी दोन्ही पायांवर, आणि दुखलं तर लगेच कमी. तीन महिने धरून चाला.

या दोरीत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ देऊ नका. तात्पुरतं बरं वाटतं, पण झिजलेली दोरी तुटायची भीती असते. कामावर अनवाणी उभं राहणं बंद, मागे पट्टा असलेली टणक तळाची सँडल हवी. यंदा पायी दिंडी नको. वणीला गाडीने जाता येईल, सप्तशृंगी गडावर पायऱ्यांऐवजी रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. देवीचा नेम मोडला असं त्यांना वाटू नये एवढं घरच्यांनी पाहावं.

केळीच्या बागेत दिवसभर गमबूट. जळगावहून आर्च सपोर्टच्या गाद्या आणल्या, घालून पाय आणखी दुखायला लागले. गादी खराब की पाय? (रावेर तालुका)

बहुधा दोन्ही ठीक असतील, बसवण्यात चूक असेल. एकेक पाहा.

बुटात मूळची गादी होती ती काढली का? तिच्यावरच नवी टाकली की पाय वर उचलला जातो, टाच बुटातून सुटते, बोटं घासतात. मूळची निघत नसेल तर पाऊण लांबीची गादी घ्या, ती बोटांच्या मुळाआधीच संपते.

उंचवटा कुठे येतोय? गादी जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहा. घोट्याच्या आतल्या हाडाच्या जरा खाली आणि पुढे पावलात एक हाड हाताला लागतं. उंचवट्याचा सगळ्यांत वरचा बिंदू त्याच्या खाली हवा. तो पुढे सरकून अंगठ्याच्या मुळाशी आला तर चालताना अंगठा वाकत नाही आणि दुखणं तिथेच सुरू होतं. दुकानात फक्त बुटाचा नंबर पाहून देतात, पण एकाच नंबरच्या दोघांच्या पावलांत टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर वेगळं असू शकतं.

कडकपणा किती? उंचवटा अंगठ्याने दाबा. सहज तळाला टेकला तर तुमच्या वजनाखाली तो नसल्यातच जमा. दगडासारखा असेल तर पहिल्या दिवशी दिवसभर घालणं चूक. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवा, म्हणजे आठ-दहा दिवसांत दिवसभर चालेल. काढल्यावर तळव्यावर लाल वण अर्ध्या तासाने तसाच असेल तर ती जागा तासून घ्यावी लागते. गुडघा किंवा घोट्याची बाहेरची बाजू दुखायला लागली तर उंचवटा तुमच्यासाठी जास्त आहे.

आणि खरी अडचण गमबूट. तो टाचेला धरत नाही. पाय आत पोहतो, गादीही पोहते. मापाचाच घ्या, जाड सुती मोजे घाला, गादीखाली वेल्क्रोची पट्टी लावा. पाणी भरायचं नसेल त्या दिवशी गमबूट काढून ठेवा आणि लेसचे, टाचेमागे टणक असलेले बूट घाला. असा बूट विकत घेताना टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, चेपता कामा नये. बूट पिळून पाहा, फडक्यासारखा पिळला जाऊ नये. वाकावा फक्त बोटांपाशी. साध्या अंगठ्याच्या चपलेत गादी चिकटवून काही होत नाही, पाऊल तिच्यावर टिकतच नाही.

रोज रात्री गादी बाहेर काढून सावलीत वाळवा. पत्र्यावर, उन्हात ठेवाल तर फोमची गादी वाकते, चिकटवलेले थर सुटतात. फोमची गादी वर्षभराच्या आत चेपून बसते, टणक प्लास्टिकची दोन-तीन वर्षं जाते.

मापाची करून घ्यायची वेळ आली तर एक पाहा. माप पूर्ण भार देऊन, उभं करून घेतलं तर साच्यात तुमचा सपाट तळवाच उतरतो, आणि गादीही सपाट येते. बसवून, टाच सरळ धरून फोमच्या खोक्यात किंवा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायला हवा. संगणकावर रंगीत दिसणारा दाबाचा नकाशा भार कुठे पडतो ते सांगतो, कमानीचा आकार सांगत नाही. नुसत्या त्या चित्रावरून गादी विकणाऱ्याला "साचा कसा घेणार?" एवढं विचारा.

वडिलांना पंधरा वर्षांपासून साखर आहे. उजवं पाऊल आठवड्यापासून सुजलंय, लाल आहे, तळवा खाली आल्यासारखा वाटतो. दुखत नाही म्हणतात. मऊ गादी घेऊ का? (धुळे)

या पत्राला आम्ही लगेच स्वतंत्र उत्तर कळवलं. इतरांसाठी छापतो. मधुमेही माणसाचं पाऊल गरम, लाल, सुजलेलं असून दुखत नसेल तर चालणं त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही पावलांवर हाताची उलटी बाजू ठेवून पाहा, एक स्पष्ट गरम लागलं तर थांबू नका. संवेदना गेलेल्या पायात हाडं आतून मोडत असतात आणि माणसाला कळत नाही. शार्को पाय म्हणतात त्याला. गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर घालून भार काढून घेतला तर आकार वाचतो. चालत राहिलं तर तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो आणि तिथे जखम होते. जंतुसंसर्गातही पाऊल असंच दिसतं, म्हणून रक्ताची तपासणी आणि एक्स-रे लागतात.

हा टप्पा नसलेल्या पण पाय बधिर झालेल्या मधुमेहींनी टणक आर्च सपोर्ट स्वतःच्या मनाने घालू नये. कुठे टोचतंय ते कळत नाही आणि फोड येतो. त्यांना एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल बरी. घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा, काटा पाहावा.

जत्रेत चुंबक बसवलेल्या आणि काट्याकाट्यांच्या ॲक्युप्रेशर गाद्या मिळतात. तापीच्या वाळूत चालणं चांगलं की त्या? (सावळदे, ता. शिरपूर)

वाळू. ओली, घट्ट वाळू घ्या, दहा मिनिटांपासून सुरुवात करा, काचा पाहून. कोरड्या खोल वाळूत टाच रुतते आणि पोटरीवर ओढ येते, टाच आधीच दुखत असेल तर तिथे जाऊ नका. चुंबकाने कमान उचलली जात नाही. काटे बधिर पायाला जखम करतात, चांगल्या पायाला गुदगुल्या.